ओझे हलके करणारी वखार



पोते उचलणे म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मळणी झाली की पोते भरायचे, शिवायचे, खळ्यावरून गाडीत चढवायचे, घरी आणून उतरवायचे, ओसरीत नाही तर माळ्यावर थप्पी लावायची. पुढे भाव बरा आला की तेच पोते पुन्हा गाडीत चढवायचे, बाजार समितीच्या आवारात उतरवायचे, काट्यावर ठेवायचे आणि काट्यावरून काढायचे. माल तेवढाच, वजन तेवढेच. उचल मात्र सहा-सात वेळा. प्रत्येक उचलीला कोणाची तरी पाठ लागते. घरची पाठ असली तर ती रात्री शेकावी लागते, आणि हमालाची असली तर तिचा खर्च हिशेबात येतोच.

ही उचल कमी कशी करावी? या एका प्रश्नाला वीट, लाकूड आणि बीड यांच्या भाषेत दिलेले एक जुने उत्तर आज आपण पाहू. ते इंग्लंडात मँचेस्टर शहरात उभे आहे. लिव्हरपूल रोड नावाच्या स्टेशनातली ही रेल्वेची मालवखार १८३० साली बांधली गेली. जगात टिकून राहिलेल्या रेल्वे-वखारींत ती सर्वांत जुनी मानली जाते. आपल्याकडे मुंबई-ठाणे गाडी १८५३ च्या एप्रिलात धावली. म्हणजे तिच्याही २३ वर्षे आधीची ही इमारत.

राजवाडे आणि देवळे पाहायला लोक जातात. वखार पाहायला मुद्दाम कोण जाईल? पण ज्याच्या घरी माल पिकतो आणि साठवावा लागतो, त्याने राजवाड्यापेक्षा वखार नीट पाहावी. राजवाड्यातून आपल्याला घरी नेण्यासारखे थोडे असते. या वखारीतून मात्र बरेच काही नेता येईल.

वखार का बांधावी लागली

मँचेस्टर हे त्या काळी सूतगिरण्यांचे गाव. गिरण्यांना लागणारा कापूस अमेरिकेहून जहाजाने लिव्हरपूल बंदरात उतरे. दोन्ही शहरांत अंतर जेमतेम ५० किलोमीटर. तेवढ्या वाटेवर माल कालव्यातल्या होड्यांनी किंवा घोडागाड्यांनी जाई. कालवा हिवाळ्यात गोठे, उन्हाळ्यात त्याचे पाणी खाली जाई, आणि कालव्याच्या मालकांनी लावलेले दर व्यापाऱ्यांना जाचत. कापूस बंदरात पडून आणि गिरणी त्याची वाट पाहत, असा प्रकार. शेवटी व्यापाऱ्यांनीच कंपनी काढून लोहमार्ग टाकायचे ठरवले. इंजिनिअर होते जॉर्ज स्टीफन्सन.

या मार्गावर चॅट मॉस नावाची मोठी दलदल आडवी आली. भराव टाकावा तर तो पोटात गडप होई. शेवटी फांद्या आणि झुडपांच्या विणलेल्या ताट्या दलदलीवर अंथरून, त्यांवर माती-खडी टाकून, रूळ जणू तरंगत ठेवले. चिखलातून बैलगाडी काढताना आपण चाकाखाली काट्याकुट्या घालतो, त्याच विचाराचे हे मोठे रूप.

मार्गाचे उद्घाटन १५ सप्टेंबर १८३० ला झाले. मँचेस्टरच्या वखारीचे काम त्याच वर्षीच्या एप्रिलात सुरू झाले होते. म्हणजे पायापासून छपरापर्यंत अवघे पाच महिने. बांधकामाचा ठेका डेव्हिड बेलहाउस धाकटे यांच्याकडे होता, आणि आराखडा लिव्हरपूलचे वास्तुरचनाकार टॉमस हेग यांचा असावा असे अभ्यासक मानतात. उद्घाटनाच्या दिवशी वाटेत पार्कसाइड येथे विल्यम हस्किसन हे खासदार इंजिनाखाली सापडले आणि त्यातच पुढे मरण पावले. मँचेस्टरला जमलेला जमाव इतका बिथरलेला होता की पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन डब्यातून खालीही उतरले नाहीत. पाहुण्यांच्या फराळाची मांडणी वखारीतच केली होती. नव्या वखारीत पहिली पंगत बसली ती अशा सुतकी वातावरणात.

खरी परीक्षा झाली ती ४ डिसेंबर १८३० ला. त्या दिवशी ‘प्लॅनेट’ नावाचे इंजिन १८ डबे ओढत लिव्हरपूलहून निघाले. त्यांत अमेरिकन कापसाचे १३५ गठ्ठे व गाठी, पिठाची २०० पिंपे, ओटच्या पिठाची ६३ पोती आणि माल्टची ३४ पोती होती. माल सुमारे ५१ टन, आणि डबे वगैरे धरून ओझे ८० टन. ही गाडी २ तास ५४ मिनिटांत मँचेस्टरला पोचली. इथे आपल्याला कळीचा प्रश्न दिसतो. तीन तासांत एवढा माल एकदम दारात येऊन पडला, तर तो उतरवायचा कसा, ठेवायचा कुठे आणि गिरणीच्या गाडीत चढवायचा कसा? रेल्वे वेगवान झाली तरी दारातली उचल पूर्वीसारखीच राहिली, तर सगळा वेग दारातच अडकणार.

एक जमीन वर, एक जमीन खाली

मँचेस्टरला शिरताना रेल्वेला अरवेल नदी ओलांडावी लागते. नदीतून होड्या जात, त्यामुळे पूल उंच ठेवणे भाग होते. पूल उंच, म्हणून पुढचे रूळही उंच. आणि शहराचे रस्ते मात्र खाली, आपल्या जागी. दुसऱ्या कोणाला ही अडचण वाटली असती. वखारीच्या आराखड्याने त्या अडचणीचाच फायदा करून घेतला.

वखार अशी बांधली की तिच्या एका अंगाला रूळ आणि दुसऱ्या अंगाला रस्ता. रुळांच्या बाजूने पाहिले तर जो तळमजला वाटतो, तो रस्त्याच्या बाजूने पाहिल्यास वरचा मजला असतो. रेल्वेचा माल वरच्या पातळीवर आत येतो. जो माल लगेच गिरणीकडे जायचा असेल तो जमिनीतल्या झडपेच्या दारातून खाली सोडायचा. खाली घोडागाडी उभीच. जो साठवायचा असेल तो तेवढा वरच्या मजल्यांवर चढवायचा. नंतर विक्री झाली की तोही वरून खाली उतरणार. म्हणजे मालाचा बहुतेक प्रवास उताराचा, आणि उतार म्हणजे फुकटचा हमाल.

याची तुलना शेजारच्या कालव्याच्या वखारींशी करून पाहा. मँचेस्टरच्या कॅसलफील्ड भागात होड्या थेट वखारीच्या पोटात शिरत. ती सोयही मोठी होती, कारण माल पावसात भिजत नसे. पण होडी राहणार पाण्याच्या पातळीवर, सगळ्यांत खाली. म्हणून प्रत्येक नग वर ओढावा लागे. रेल्वेने तोच माल मधल्या उंचीवर आणून दिला. वखार बांधणाऱ्यांनी कालव्यावरचा अनुभव घेतला: भिंतीत प्रत्येक मजल्याला दार, वर कप्पी आणि दोर, आत झडपा. फक्त माल आत घेण्याची पातळी बदलली. नवी विद्या उभी राहते ती बहुधा अशीच, जुन्या जाणकारीच्या खांद्यावर.

डबा वळवणारे चक्र

आता दुसरी अडचण. रूळ वखारीला समांतर जातात; डबा आत न्यायचा तर तो काटकोनात वळला पाहिजे. लोखंडी रुळांवरचा डबा काही बैलगाडीसारखा जागच्या जागी फिरवता येत नाही, आणि हळूहळू वळण घ्यायचे तर एकरभर जागा जाते. शहरात तेवढी जागा कुठली?

त्यावर उपाय होता फिरत्या चक्राचा. रुळांच्या मध्ये जमिनीसपाट एक गोल चक्र बसवायचे. त्याच्यावरही रुळांचे तुकडे. चार चाकांचा छोटा डबा त्या चक्रावर आणून थांबवायचा, चक्र पाव फेरा फिरवायचे, की डब्याचे तोंड वखारीच्या दाराकडे. मग तो ढकलत आत न्यायचा. इंजिन वखारीत आणीत नसत. इंजिनातून ठिणग्या उडतात आणि आत कापूस. एक ठिणगी पुरे. म्हणून ही ढकलाढकली घोडे आणि माणसे करीत.

मुलांना हे दाखवायचे असेल तर सोपे आहे. परात पालथी घाला, तिच्या खाली मधोमध गुळगुळीत वाटी ठेवा म्हणजे परात सहज फिरेल, आणि वर खेळण्यातली मोटार ठेवा. मोटारीला हात न लावता परात फिरवली की मोटारीचे तोंड वळते. लेकरांना गंमत वाटेल, आणि जड वस्तू उचलून वळवण्यापेक्षा तिच्याखालची जमीन फिरवणे सोपे, हे तत्त्वही कळेल.

डबा आत आला की त्याच्या तळाची उंची आणि वखारीच्या जमिनीची उंची जवळजवळ सारखी. गाठ सरकवायची, लोटायची. कमरेपासून डोक्यापर्यंत उचलायची नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

खांब आणि तुळया

बाहेरून वखार साधी लाल विटांची आहे. मिरवण्यासारखी नक्षी नाही. खरी करामत आत आहे, ओझे जमिनीपर्यंत पोचवण्याच्या वाटेत.

कापसाच्या गाठी एकावर एक रचल्या की मजल्यावर केवढे वजन येते! आपल्या जुन्या वाड्यात माळवदाचे ओझे जसे फळ्यांवरून कड्यांवर, कड्यांवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून जोत्यात उतरते, तसेच इथेही आहे. आतला सांगाडा जाड लाकडाचा, तुळया भरभक्कम आणि खांब ओळीने उभे. वरच्या मजल्याचा भार खालच्या मजल्याच्या खांबावर यावा, म्हणून वखार बांधताना मजल्यामजल्यावर खांबाखाली खांब ठेवावा लागतो. तुळईच्या अधल्यामधल्या भागावर खांब टेकवला तर ती वाकते. आपल्याकडे घरावर नंतर मजला चढवताना ही चूक पुष्कळदा होते.

एक प्रयोग करा. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचा वीतभर तुकडा घ्या. तो उभा धरून वरून दाबा. बराच जोर सोसतो. तोच दोन विटांवर आडवा ठेवून मध्ये दाबा, पटकन वाकतो. खांब आणि तुळई यांतला फरक एवढाच. उभ्या कामाला लाकूड थोडे चालते, आडव्या कामाला जाड लागते.

सगळ्यात खालच्या पातळीवर, जिथे सर्व मजल्यांचा भार एकवटतो, तिथे बिडाचे खांब वापरले आहेत. बीड दाबाला फार पक्के. लाकडाच्या जाडजूड खांबाएवढे काम बिडाचा सडपातळ खांब करतो, आणि गाड्या वळवायला जागाही मोकळी राहते. पण बिडाला एक खोड आहे. शाळेतला खडू आठवा. दोन्ही टोकांनी दाबा, तुटता तुटत नाही. वाकवायला जा, कट्‌कन मोडतो. बिडाचेही तसेच: दाब सोसते, ताण सोसत नाही. आडव्या तुळईच्या खालच्या अंगाला नेहमी ताण असतो, म्हणून बिडाची तुळई घालताना जपावे लागते.

याचाही दाखला याच जागी होता. वखारीजवळच्या वॉटर स्ट्रीट या रस्त्यावरून रेल्वे नेण्यासाठी १८३० साली जो पूल केला, त्याच्या तुळया बिडाच्या होत्या. ईटन हॉजकिन्सन या अभ्यासकाने प्रयोग करून दाखवले होते की अशा तुळईचा खालचा पट्टा रुंद केला तर त्याच वजनाच्या बिडात ती जास्त भार पेलते. त्या धर्तीच्या तुळया विल्यम फेअरबर्न यांच्या कारखान्यात घडल्या. तो पूल पुढे बदलला गेला, पण धडा टिकला: धातू किती घातला यापेक्षा तो कुठे घातला याला महत्त्व. स्लॅबची सळई खालच्या अंगाला का टाकतात आणि सज्जाची वरच्या अंगाला का, याचे उत्तर यातच आहे. सज्जा भिंतीतून बाहेर लोंबतो, तिथे ताण वरच्या बाजूला येतो. गवंड्याने घाईत सळई खाली टाकली की सज्जा कोसळतो. घर बांधताना एवढे एक जरी स्वतः उभे राहून पाहिले तरी पुष्कळ.

वाफेची यारी

मजल्यांवर माल चढवायला सुरुवातीला दोर, कप्पी आणि माणसाचे बळ होते. पुढच्याच वर्षी, १८३१ मध्ये, वखारीत वाफेच्या इंजिनावर चालणारी यारी बसवली गेली. पिठाच्या गिरणीत एका मोटारीवरून पट्टे जातात, तशी एका ठिकाणच्या इंजिनाची शक्ती फिरत्या दांड्याने आणि पट्ट्यांनी दूरवर नेता येते. माणसाच्या हाती उरतो फक्त दोर जोडणे आणि सोडणे.

लिव्हरपूलच्या टोकालाही उताराचा असाच उपयोग केला होता. तिथे रेल्वेचे ठाणे उंचावर आणि बंदर खाली. म्हणून शहराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचा वॉपिंग बोगदा खणून मालाचे डबे धक्क्याच्या बाजूला उतरवीत, आणि भरलेले डबे वर ओढायला एडज हिल येथे जागेवर बसवलेले वाफेचे इंजिन दोराने खेचून घेई. दोन्ही टोकांना विचार एकच: जिथे जमीन मदत करते तिथे तिची मदत घ्या, जिथे करत नाही तिथेच यंत्राचा खर्च करा.

आग आणि ओल

कापसाचे दोन वैरी, आग आणि ओल. मँचेस्टरच्या काही गिरण्या त्या काळी बिडाचे खांब व विटांच्या कमानी घालून आगीला न जुमानणाऱ्या बांधत. ते काम महाग आणि वेळखाऊ. रेल्वे कंपनीला घाई होती, म्हणून लाकूड वापरले. पण मोकळे रान ठेवले नाही. मध्ये विटांच्या आडव्या भिंती घालून वखारीचे कप्पे पाडले. एका कप्प्यात आग लागली तर ती दुसऱ्यात जायला वेळ लागावा. गंजी घालताना आपण सगळा कडबा एकाच ठिकाणी रचत नाही, दोन-तीन गंजी लांब लांब घालतो, त्यातला शहाणपणा हाच.

गाठीमागचे हात

इमारतीचे कौतुक करताना तिच्यात काय भरले जाई, तेही पाहिले पाहिजे. पहिल्या मालगाडीतला कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातला. तिथे तो गुलाम माणसांच्या हातांनी वेचला जाई. वखारीत गाठ सरकवताना हमालाची पाठ वाचावी म्हणून एवढा विचार झाला. ज्याने बोंडे वेचली त्याच्या पाठीवर मात्र चाबूक होता. अमेरिकेतली गुलामी संपली ती १८६५ साली, चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर.

त्याच युद्धाने या गोष्टीत आपल्याला ओढले. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. कापूस येईना, लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या, मजुरांची उपासमार झाली. मग इंग्रजांची नजर वळली हिंदुस्थानाकडे. आपला आखूड धाग्याचा कापूस तिकडे ‘सुरत’ या नावाने ओळखला जाई, आणि तो सारखा तुटतो म्हणून तिथले विणकर त्याच्या नावाने बोटे मोडत. पण दुसरा मिळत नव्हता. भाव चढले. वऱ्हाड-खानदेशात कपाशीचा पेरा वाढला. पूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून घाटांवरून जाई. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली. १८७० मध्ये खामगावची शाखा झाली, १८७१ मध्ये अमरावतीची. स्टेशनालगत मालधक्के आणि प्रेस उभे राहिले. मुंबईत कापसाचा बाजार भरे, त्याची आठवण आजही हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन या स्टेशनाच्या नावात आहे.

आणि १८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकन कापूस पुन्हा येणार हे कळताच भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. चढत्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढले होते ते शेतकरी सावकाराच्या तावडीत सापडले. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यामागच्या कारणांत ही भावाची पडझडही मोजली जाते.

यातला एक धागा वखारीशी जोडलेला आहे. लिव्हरपूल-मँचेस्टरच्या व्यापाऱ्याकडे वखार होती. भाव पडला तर तो माल झाकून थांबू शकत होता, चढला तर काढू शकत होता. आपल्या शेतकऱ्याकडे कापूस ठेवायला कोरडी जागा नव्हती आणि सारा भरायला थांबायची सोय नव्हती. वेचणी झाली की विका, मिळेल तो भाव घ्या. म्हणजे वखार ही नुसती चार भिंतींची जागा असत नाही. ती ज्याच्या ताब्यात असते त्याला ती थांबण्याची ताकद देते.

वखारीचे पुढे काय झाले

१८४४ मध्ये प्रवासी गाड्या दुसऱ्या स्टेशनात गेल्या आणि लिव्हरपूल रोड फक्त मालाचे स्टेशन उरले. ते तसे १९७५ पर्यंत चालले. १४५ वर्षे! नंतर इमारतींची पडझड सुरू झाली. स्थानिक मंडळींनी आवाज उठवला, १९७८ मध्ये तिथल्या महानगर परिषदेने ही जागा नावापुरत्या एका पौंडाला घेतली, आणि १५ सप्टेंबर १९८३ ला तिथे विज्ञान व उद्योगाचे संग्रहालय उघडले. पाच महिन्यांत घाईने बांधलेली वखार एवढी टिकली, कारण घाई कामात होती, विचारात नव्हती.

आता आपल्या जोत्याकडे पाहा

आपण काही एवढी मोठी वखार बांधणार नाही. पण शेतावर कोठार, गावात सोसायटीचे गोदाम किंवा गटाने मिळून शेड बांधण्याचे काम आज अनेक ठिकाणी चालू आहे. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट जोत्याच्या उंचीची. बांधकाम सुरू करण्याआधी आपल्या गाडीच्या किंवा ट्रॉलीच्या तळाची जमिनीपासूनची उंची मोजा. धान्य-गोदामांसाठी आपल्याकडे रूढ माप असे, की रस्त्याने माल येत असेल तर जोते सुमारे ८० सेंटिमीटर आणि रेल्वे-मार्गालगत असेल तर रुळापासून सुमारे १०६ सेंटिमीटर. जोते ट्रॉलीच्या जवळपास आले की पोते सरकवता येते. पुराचे पाणी आणि उंदीर यांपासूनही बचाव होतो. जोत्याच्या कडेने धक्का ठेवावा आणि त्यावर छप्पर पुढे काढावे, म्हणजे पावसातही माल चढवता-उतरवता येईल.

दुसरी गोष्ट उताराची. आपल्या शेतात चढ-उताराची जागा असेल तर ती सपाट करण्याचा खर्च करण्याआधी थांबा. वरच्या अंगाने गाडी येईल आणि खालच्या अंगाने माल जाईल अशी मांडणी बसते का, ते पाहा. गोठ्यालाही हे लागू आहे. चारा वरून टाकता आला आणि शेण खाली ओढता आले, तर घरातल्या बाईचे रोजचे किती हेलपाटे वाचतात, ते तिलाच विचारा. मात्र उतारावरच्या जागेत वरून झिरपणाऱ्या पाण्याला आधी चर काढून वाट द्यावी, नाही तर मागची भिंत ओल धरेल.

तिसरी गोष्ट भिंतीची. पोत्यांची थप्पी स्वतःच्या पायावर उभी राहते. सुटे धान्य मात्र भिंतीला बाहेर ढकलते. पोत्यांसाठी बांधलेल्या खोलीत सुटे धान्य छातीपर्यंत ओतले तर भिंत फुटू शकते. सुटे साठवायचे असेल तर तसे इंजिनिअरला आधीच सांगावे.

चौथी गोष्ट हवेची. थप्पी थेट फरशीवर लावू नका. खाली लाकडी फळ्या किंवा बांबूच्या ताट्या घाला, भिंतीपासून माणूस चालेल एवढी वाट सोडा. धान्य चांगले वाळवूनच ठेवावे. गहू-ज्वारीसारख्या धान्यात ओलावा बारा टक्क्यांच्या आत असलेला बरा. कापूस ठेवायचा असेल तर त्या खोलीतून विजेच्या उघड्या तारा नेऊ नयेत, आणि विडी-काडी दाराबाहेर. सगळा कापूस एकाच खोलीत न ठेवता मध्ये भिंत घालून दोन कप्पे करावेत.

पाचवी गोष्ट थांबण्याची. घरी जागा नसली तरी वखार महामंडळाची गोदामे आहेत. राज्याचे वखार महामंडळ १९५७ पासून काम करते. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घेता येते. कोणता माल घेतात, मुदत किती, व्याज किती, हे आपल्या समितीच्या कार्यालयात जाऊन सुगीच्या आधीच विचारून ठेवावे. पोती दारात येऊन पडल्यावर चौकशी करण्यात अर्थ नाही. तोवर व्यापारी काटा घेऊन आलेला असतो.

मंडळी, या आठवड्यात एक काम करा. एक पोते खळ्यावरून निघून विकले जाईपर्यंत आपल्या घरी किती वेळा उचलले जाते, ते मोजून कागदावर लिहा. घरातल्या सगळ्यांना विचारून लिहा, कारण डोक्यावरून वाहिलेल्या पाट्या आपल्या हिशेबात सहसा येत नाहीत. मग त्यातली एक उचल कमी कशी होईल, एवढेच ठरवा. कदाचित जोत्याला दोन थर वाढवावे लागतील, कदाचित दार दुसऱ्या बाजूला घ्यावे लागेल, कदाचित नुसती एक मजबूत फळी पुरेल. सुगीला अजून अवकाश असेल तेव्हाच हे काम उरकावे.